एकलव्याचे धनुष्य मातीचे नव्हते

मराठीच्या प्राध्यापकांनी बॅगपाइपविषयी लिहावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही वाटते. वाद्य आमचे नाही, संगीतशास्त्रावर आमचा अधिकार नाही आणि स्कॉटलंडची भूमी आम्हां दोघांपैकी कोणीही पाहिलेली नाही. तरीही लिहितो आहोत, त्याला कारण एक चूक आहे. चूक आम्ही केली आणि तिचा भुर्दंड एका विद्यार्थ्याने भरला. भुर्दंड पैशाचा असता तर तो फेडून आम्ही मोकळे झालो असतो. हा निराळ्या प्रकारचा होता.

हकीकत अशी. तीन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात, कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला, सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला मुलगा शिकत होता. त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, लष्करात पाइपर होते. वाद्य सरकारी, निवृत्तीच्या दिवशी ते पलटणीतच राहिले. घरी आले ते एक छायाचित्र आणि आजोबांच्या तोंडातले सूर. शेतावर बांधाला बसून ते त्या धुना कसल्याशा अर्थहीन अक्षरांत गुणगुणत आणि नातू ऐकत असे. दर वर्षी २९ जानेवारीला दिल्लीच्या विजय चौकातला ‘बीटिंग रिट्रीट’ दूरदर्शनवर लागला, की पाइप बँडांची रांग येईपर्यंत घरात कोणी बोलायचे नाही, असा दंडक होता. आजोबा गेले आणि मुलाने ठरवले, की हे वाद्य आपण शिकायचे.

सांस्कृतिक समितीचे काम आम्हां दोघांकडे असल्याने तो आमच्याकडे आला. ‘‘सर, मॅडम, कुठला घ्यावा, काहीच कळत नाही.’’ कळत आम्हांलाही नव्हते. पण प्राध्यापकाला ‘कळत नाही’ असे म्हणण्याची सवय नसते. संगणकावर आम्ही शोध घेतला. खऱ्या वाद्यांच्या किमती पाहून डोळे पांढरे झाले आणि मग एका विक्रेत्याकडे साडेआठ हजारांत संपूर्ण संच दिसला. लाल चौकड्यांच्या कापडाचा अभ्रा, रेशमी गोंडे, चकचकीत कड्या, वर शिकण्याची पुस्तिका फुकट. जाहिरातीत शब्द होते : ‘नवशिक्यांसाठी खास’. निम्मे पैसे आम्ही घातले. पैसे देताना आमच्यापैकी एकाने जे वाक्य उच्चारले, त्या वाक्याविरुद्धच हा सगळा लेख आहे. वाक्य असे होते : ‘‘आधी यावर शीक, जमले तर पुढे चांगला घेऊ.’’

वरवर पाहता या वाक्यात शहाणपणा ठासून भरलेला आहे. काटकसर आहे, सावधपणा आहे, मुलाविषयी प्रेमही आहे. म्हणूनच ते घातक आहे.

तीन महिने मुलगा त्या वाद्याशी झगडला. वसतिगृहाच्या गच्चीवर, मग तिथून हाकलल्यावर मैदानामागच्या माळावर. आवाज येई तो कधी रडका, कधी फाटका. बहुधा अर्ध्या मिनिटात बंदच पडे. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत तो फुंकत राही. दिवाळीच्या सुटीआधी तो विभागात आला आणि खाली मान घालून म्हणाला, ‘‘सर, माझ्यात तेवढा दमच नाही. आजोबांचा वेगळा होता.’’ आम्ही त्याची समजूत घातली. प्रत्येकाला प्रत्येक गोष्ट जमतेच असे नाही, वगैरे. आज ते आठवले की लाज वाटते. एका मुलाने स्वतःविषयी एक खोटा निष्कर्ष काढला होता आणि त्यावर आम्ही शिक्कामोर्तब केले होते.

पुढची गोष्ट सांगण्यापूर्वी हे वाद्य चालते कसे, ते सांगणे आवश्यक आहे. तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. गारुड्याच्या पुंगीत भोपळा हा हवेचा साठा असतो. बॅगपाइपमध्ये त्या जागी काखेतली पिशवी असते. वादक एका नळीतून पिशवीत हवा भरतो आणि डाव्या हाताने ती दाबत राहतो. श्वास घेण्यासाठी तोंड थांबले तरी हाताच्या दाबाने हवा वाहत राहते. स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातला जो ‘ग्रेट हायलँड बॅगपाइप’ लष्करांमुळे जगभर पोचला, त्यात खांद्यावर तीन ड्रोन असतात. हा शब्द आता उडत्या यंत्रामुळे घरोघरी गेला आहे. इथे त्याचा अर्थ तानपुऱ्यासारखा अखंड आधारसूर देणारी नळी. आपल्या सनईच्या ताफ्यात एक जण नुसता सूर धरून बसतो, त्याचे काम इथे या तीन नळ्या करतात. दोन ‘टेनर’, त्या वाद्याच्या मूळ स्वराच्या एक सप्तक खाली. एक ‘बास’, दोन सप्तके खाली. धून वाजते ती ‘चँटर’ नावाच्या छिद्रांच्या नळीवर. तिच्यावर स्वर अवघे नऊ.

चारही नळ्यांत रीड असते. चँटरमध्ये सनईसारखी दोन पात्यांची, ड्रोनमध्ये एका पात्याची. या चारही रीडना एकाच पिशवीतून, एकाच दाबाची हवा लागते. दाब थोडा चढला की स्वर चढतो, उतरला की पडतो. फार उतरला तर रीड बोलतच नाही. म्हणजे या वाद्याची पहिली आणि कदाचित शेवटचीही साधना एकच आहे : दाब स्थिर ठेवणे. आता ज्या पिशवीची शिवणच हवा सोडते, जिच्यातल्या नळ्यांचे सांधे सैल आहेत, त्या पिशवीत दाब स्थिर कसा राहावा? फुटक्या घागरीत पाणी भरणाऱ्याचे हात कितीही बळकट असले तरी काय उपयोग?

हे आम्हांला कळले ते वर्षभराने, आणि सांगितले ते ‘मेजर’नी. त्यांचा हुद्दा मेजरचा नव्हता. पण साताऱ्याकडच्या गावांत पलटणीतून परतलेल्या प्रत्येकाला मेजरच म्हणतात. मुलाच्या आजोबांबरोबर ते बँडमध्ये होते. पुढच्या दिवाळीत मुलाने सहज त्यांना ते वाद्य दाखवले आणि मेजर ते काखेत घालून आमच्या दारात उभे राहिले. आमची एक प्रकारे झडतीच होती ती.

त्यांनी अभ्रा काढला. सगळ्या नळ्या उपसल्या, त्यांच्या खोबणींत बुचे बसवली आणि नुसती पिशवी फुगवून काखेत दाबली. पिशवी घट्ट असेल तर भरल्यावर मिनिटभर थांबून पुन्हा फुंकले तरी तिच्यात आणखी हवा जाता कामा नये. ही पिशवी मिनिटभरात निम्मी झाली होती. मग त्यांनी ड्रोनच्या रीड काढून तोंडाने वाजवून पाहिल्या. तीनपैकी दोन कुठल्याही दाबाला कंप पावत नव्हत्या. त्या रीडच्या आकाराच्या वस्तू होत्या, एवढेच. शेवटी चँटरमध्ये स्वतःजवळची चांगली रीड बसवून त्यांनी नऊ स्वर वाजवले. खालचे दोन बरे. वरचे एकमेकांशी भांडत होते. छिद्रेच चुकीच्या अंतरावर पाडलेली होती. वाद्य खाली ठेवून ते म्हणाले, ‘‘सर, पोराचा दम कमी न्हाई. ह्या पिशवीलाच दम न्हाई. हे मलाबी वाजायचं न्हाई.’’

आयुष्य बँडमध्ये घालवलेल्या माणसाला जे वाजले नसते, ते आम्ही एका नवशिक्याच्या हाती ‘शिकण्यासाठी’ म्हणून दिले होते.

आता मुद्द्यावर येतो. नवशिक्याला कसलेही चालते, चांगली वस्तू जाणत्याला लागते, हा आपल्याकडचा सार्वत्रिक समज आहे. आमच्या मते वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. जाणत्याकडे तुलनेसाठी कान असतो. वाईट वाद्य हाती आले तर दोन मिनिटांत तो ओळखतो, की दोष आपला नाही. जमेल तेवढी डागडुजी करून घेतो, नाही तर ते बाजूला ठेवतो. नवशिक्याजवळ हा कान नसतो. दोष वाद्यात आहे की आपल्यात, हे ठरवण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नाही. अशा वेळी नम्र विद्यार्थी दोष स्वतःकडे घेतो. उद्धट असता तर तो वाचला असता. म्हणजे वाईट वाद्याची खरी किंमत जो जितका श्रद्धाळू तितकी जास्त भरतो.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. ज्याला शिकायचे असते तो कशावरही शिकतो. एकलव्य नाही का शिकला? आमच्या पिढीने हे उत्तर इतक्यांदा ऐकले, की आम्हीही ते वर्गात देत आलो. पण कथा नीट आठवावी. एकलव्याने गुरू मातीचा केला होता. धनुष्य मातीचे केले नव्हते. धनुष्य खरे होते, बाण खरे होते, म्हणूनच त्याची साधना त्याला खरे उत्तर देत होती. नेम चुकला तर तो त्याचाच चुकत होता आणि लागला तर त्याचाच लागत होता. साधन प्रामाणिक असेल तर माणूस गुरूवाचूनही पुष्कळ दूर जातो. साधनच खोटे असेल तर त्याला कोणता गुरू तारणार?

मग नवशिक्याने पहिला बॅगपाइप कोणता घ्यावा? स्कॉटिश परंपरेचे याला दिलेले उत्तर आम्हांला फार आवडले : कोणताच नाही. आधी प्रॅक्टिस चँटर घ्यावा. ही पिशवी नसलेली, तोंडाने थेट फुंकायची, दोन भागांची साधी नळी आहे. तिच्यावरची छिद्रे आणि बोटे मूळ चँटरसारखीच. आवाज मात्र कोमल आणि एक सप्तक खालचा. मूळ चँटरचा पोकळ भाग शंकूसारखा रुंदावत जातो, हिचा सरळ असतो. त्यामुळे आणि हलक्या रीडमुळे आवाज खोलीत मावतो. मूळ वाद्य शंभर डेसिबलच्या पुढे जाते, हे लक्षात घेतले तर शेजारधर्माच्या दृष्टीनेही ही सोय मोलाची. सहा महिने ते वर्षभर विद्यार्थी केवळ हिच्यावर शिकतो. मुरलेले वादकसुद्धा नवी धून आधी हिच्यावरच बसवतात, तेव्हा ती पुढे अडगळीत जाण्याचा प्रश्न नाही.

एवढा काळ का, हेही समजून घेण्यासारखे आहे. बॅगपाइपमध्ये दोन स्वरांच्या मध्ये शांतता नाही. हवा वाहत असते, चँटर बोलतच असतो. आवाज लहानमोठा करता येत नाही. एकच स्वर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर मध्ये थांबता येत नाही. क्षणार्धाचा दुसरा स्वर शिंपडून त्याचे दोन तुकडे करावे लागतात. आपल्या गायकीत कणस्वर शोभेसाठी येतो. इथे तो विरामचिन्हाचे काम करतो. त्याच्यावाचून वाक्यच तुटत नाही. या बारीक स्वरांची सुबक, ठरीव गुंफण बोटांत भिनायला महिने लागतात. पिशवी, दाब आणि तीन ड्रोन यांचे ओझे त्याच वेळी खांद्यावर घेतले, तर यांतले काहीच धड येत नाही. अवघड गोष्ट दोन प्रामाणिक तुकड्यांत वाटून देणे आणि अवघड गोष्टीची खोटी, सोपी दिसणारी प्रतिकृती हातात देणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. प्रॅक्टिस चँटर पहिल्या प्रकारातला आहे. तो स्वस्त आहे, पण खोटा नाही.

इथे आजोबांच्या गुणगुणण्याचाही उलगडा होऊ लागतो. पाइपचे संगीत कागदावर येण्यापूर्वी ते तोंडाने शिकवले जाई. तबल्याच्या बोलांसारखी ठरावीक अक्षरे, त्यांत स्वरही आले आणि बोटांच्या हालचालीही. गेलिक भाषेत या पद्धतीला ‘कांतरॅख्क’ म्हणतात. स्काय बेटावरच्या मॅक्रिमन घराण्याचे नाव या विद्येशी जोडले गेले आहे. डनव्हेगनच्या मॅक्लाउड सरदारांचे ते वंशपरंपरागत पाइपर. या पाइपवरचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ लिहिणारा जोसेफ मॅक्डॉनल्ड ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी भारताकडे निघाला होता. ग्रंथ १७६० च्या सुमाराचा. लेखक १७६३ मध्ये बंगालमध्ये वारला आणि पुस्तक त्याच्या भावाने १८०३ मध्ये छापले. आजोबांची अक्षरे त्या जुन्या पद्धतीतली होती की पलटणीतल्या उस्तादांनी घडवलेली, हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण वाद्य हाती नसतानाही धून जिभेवर जिवंत ठेवता येते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. नातवाकडे वाद्याआधीच संगीत आलेले होते. आम्ही त्याला वाद्य दिले आणि त्याच्याजवळ होते ते संगीतही जवळजवळ हिरावून घेतले.

१९४४ मध्ये ग्लासगोत शेमस मॅक्नील आणि टॉमस पिअर्सटन यांनी ‘कॉलेज ऑफ पायपिंग’ सुरू केले. त्यांच्या हिरव्या मुखपृष्ठाच्या पाठ्यपुस्तकावर जगभरच्या वादकांच्या पिढ्या शिकल्या. तेही पुस्तक प्रॅक्टिस चँटरपासूनच सुरू होते. म्हणजे आम्ही शोध लावला असे काही नाही. विचारले असते तर कोणीही सांगितले असते. आम्ही विचारले नाही, किंमत पाहिली.

वर्षभराच्या साधनेनंतर खरा संच घ्यायची वेळ येते. त्या वेळी काय पाहावे, याविषयी मेजरांकडून आणि पुढे वाचनातून जे कळले, ते इथे नोंदवतो. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, शोभेकडे पाहू नये. नक्षी, चांदीच्या कड्या, गोंडे यांचा सुराशी काही संबंध नाही. सूर ठरतो तो नळीच्या आतल्या पोकळीने, आणि ती विकत घेणाऱ्याला दिसत नाही. दुसरी गोष्ट लाकडाची. चांगले पाइप आफ्रिकी ब्लॅकवुडचे असतात. टांझानिया-मोझांबिककडचे हे झाड आपल्या शिसवाच्याच कुळातले, पण लाकूड इतके घट्ट की पाण्यात टाकले तर बुडते. घट्ट असल्यामुळे त्यात पाडलेली पोकळी श्वासाच्या ओलाव्याने सहसा बदलत नाही. स्वस्त संच बहुधा शिसमाचे, वरून काळा रंग दिलेले. शिसम खाटेला उत्तम, दाराला उत्तम. पण तासन्तास ओली हवा पिणाऱ्या नळीच्या कामाला तो ब्लॅकवुडइतका टिकत नाही. मात्र लाकूडच हवे असाही हट्ट नको. पॉलिपेन्को किंवा डेलरिन नावाच्या कठीण प्लास्टिकाचे, चांगल्या कारखान्यातले पाइप साधे दिसतात आणि सरळ वाजतात. त्यांना ना पावसाळा बाधत, ना वैशाख. कोकणातल्या किंवा महाबळेश्वराच्या हवेत राहणाऱ्या नवशिक्याला आम्ही तरी तेच सुचवू. मोठमोठे पाइप बँडसुद्धा प्लास्टिकचा चँटर वाजवतात, तेव्हा यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट पिशवी. पूर्वी ती मेंढीच्या किंवा गाईच्या कातड्याची असे आणि हवाबंद राहावी म्हणून आतून वेळोवेळी मसाला पाजावा लागे. आता गोरटेक्ससारख्या कापडाची मिळते. नवशिक्याला कापडी पिशवी सोयीची, आणि मापाची हवी. हात आखूड आणि पिशवी मोठी असेल तर खांदा वर्षभरात दुखावतो. चौथी गोष्ट रीड. चँटरची रीड सुरुवातीला हलकी घ्यावी; कडक रीड हे मर्दुमकीचे लक्षण नव्हे. आणि पहिल्या दिवसापासून तिन्ही ड्रोन वाजवण्याची घाई करू नये. दोन बुचाने बंद करून एकच चालू ठेवावा. दाब स्थिरावला की दुसरा, मग तिसरा. सांध्यांवरचा हेम्पचा मेणवलेला दोरा घट्ट आहे ना, हे रोज पाहावे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : विकत घेण्याआधी ते वाद्य एखाद्या जाणत्याकडून वाजवून घ्यावे. तो वाजवू शकत नसेल तर तुम्हांलाही ते वाजणार नाही.

जुना संच मिळाला तर सोन्याहून पिवळे. ग्लासगोच्या पीटर हेंडरसनसारख्या जुन्या कारागिरांचे पाइप आजही शोधून घेतले जातात. मात्र चीर पडलेली नाही ना हे पाहावे, आणि हस्तिदंताच्या कड्या असतील तर परदेशातून मागवण्याच्या फंदात पडू नये. हस्तिदंताच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधने आहेत.

स्वस्त संच बनतात कुठे, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. त्यांतले पुष्कळसे पाकिस्तानातल्या सियालकोटचे. आपल्याकडे मेरठ आणि जालंधर इथेही बँडची वाद्ये घडतात. पाश्चात्त्य वादकांच्या बोलण्यात ‘पाकिस्तानी पाइप’ ही जवळजवळ शिवीच आहे. आम्हांला ती खटकते. साम्राज्याच्या फौजांबरोबर हे वाद्य इकडे आले, इथल्या सैनिकांनी ते आपलेसे केले, गढवाल-कुमाऊँच्या लग्नांत ते मशकबीन होऊन नाचले. आणि आता इथल्याच कारागिराच्या हाताला नावे ठेवायची, हे कोणत्याही स्वाभिमानी माणसाला झोंबेल. पण झोंबते म्हणून खोटे वाद्य खरे ठरत नाही. आमचे म्हणणे असे, की दोष त्या शहरांचा नाही आणि हातांचाही नाही. बाजाराने त्या हातांकडे भिंतीवर टांगायचे वाद्य मागितले आणि त्यांनी ते चोख बनवून दिले. गोंडे उत्तम होते, शिवणकाम सुबक होते. लबाडी झाली ती शोभेच्या वस्तूवर ‘नवशिक्यांसाठी’ असा शब्द चिकटवला तेव्हा. आणि तो शब्द चिकटवणाऱ्याला ठाऊक होते, की नवशिका तक्रार करायला परत येत नाही. तो स्वतःलाच दोष देतो.

आता गरिबीचा आक्षेप. नामांकित कारखान्याचा नवा संच आठशे-हजार पौंडांपासून पुढे जातो. शेतकऱ्याच्या मुलाने तो आणावा कुठून? आक्षेप रास्त आहे आणि त्याला भाबडे उत्तर देण्याची आमची इच्छा नाही. काही दारे पैशावाचून उघडत नाहीत, हे खरेच आहे. पण आम्ही जे साडेआठ हजार वाया घालवले, त्यात प्लास्टिकचा एक चांगला प्रॅक्टिस चँटर आला असता, आणि वर्षभर मुलगा खऱ्या वाटेवर चालला असता. गरिबाला स्वस्त आणि प्रामाणिक वस्तू परवडते. स्वस्त आणि खोटी वस्तू श्रीमंतालाच परवडते, कारण दुसरी घ्यायची ऐपत त्याच्याकडे असते. ‘जमले तर पुढे चांगला घेऊ’ या वाक्यातला ‘जमले तर’ आम्ही परीक्षेसारखा उच्चारला होता आणि प्रश्नपत्रिकाच चुकीची दिली होती.

याच ठिकाणी विषय आमच्या अंगणात येतो. प्रथम वर्षाच्या मुलांना मूळ कादंबरी झेपणार नाही म्हणून आपण त्यांच्या हाती काय ठेवतो? सारांश, गाइड, चार प्रश्नांची ठरीव उत्तरे. ‘आधी हे वाच, गोडी लागली तर पुढे मूळ वाच.’ साडेआठ हजारांचा तो संच आणि हे गाइड, यांत फरक कोणता? गाइड वाचून कोणाला साहित्याची गोडी लागलेली आम्ही वीस वर्षांत पाहिलेली नाही. उलट ‘मला साहित्यातले काही कळत नाही, सर’ असे सांगणारी मुले पाहिली. ती बहुधा नम्र मुले होती. त्यांनी कधी साहित्य वाचलेलेच नव्हते. त्यांनी फुटकी पिशवी फुंकली होती. प्रॅक्टिस चँटरचा न्याय इथे लावायचा तर मूळ लेखकाची एक छोटी, पूर्ण, अस्सल कथा हाती द्यावी. लहान द्यावे, पण खरे द्यावे. आमच्या विभागात दोन वर्षांपासून आम्ही हे करू लागलो आहोत. निकालात काय फरक पडला, ते सांगण्याइतका काळ गेलेला नाही. तासाला प्रश्न मात्र जास्त येऊ लागले आहेत.

मुलाविषयी सांगायचे राहिले. मेजरांनी त्या दिवाळीत स्वतःचा जुना प्रॅक्टिस चँटर त्याला दिला आणि अट घातली, की पिशवीला वर्षभर हात लावायचा नाही. त्याने लावला नाही. पहिले काही आठवडे तो वाजवायला घाबरत असे, असे त्याने मागाहून सांगितले. स्वर नीट लागला तरी त्याला वाटे, चुकून लागला असेल. हे ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहू शकलो नाही. वाद्य वर्षभरात बदलता येते. स्वतःविषयीचे मत इतक्या लवकर बदलत नाही. आता तो एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात मेजरांच्या ओळखीने एका निवृत्त वादकाकडचा प्लास्टिकचा साधा संच त्याला हप्त्यांवर मिळाला. गोंडे नाहीत, कड्या नाहीत. सध्या दोनच ड्रोन चालू आहेत. आजोबा बांधावर बसून गुणगुणत त्यांतल्या तीन धुना त्याने कानाच्या आठवणीवरून बसवल्या आहेत. चौथीतला एक भाग आठवत नाही म्हणून तो आणि मेजर अजून भांडतात.

तो साडेआठ हजारांचा संच आमच्या विभागात भिंतीवर टांगलेला आहे. येणारे-जाणारे त्याचे कौतुक करतात आणि ते रास्तही आहे, कारण तो त्याच कामासाठी घडवलेला होता. क्वचित एखादा विद्यार्थी विचारतो, ‘‘सर, हा वाजतो का?’’ त्याला आम्ही ही सगळी हकीकत सांगतो. आणि काही शिकण्यासाठी कोणती वस्तू घ्यावी हे विचारायला तो आलेला असेल, तर आधी हे सांगतो, की आम्हांला कळत नाही. ज्याला कळते त्याच्याकडे जाऊ.